दोन मिलिमीटरची चूक

माझ्या टेबलावर लोखंडी पट्टीचा एक तुकडा असतो. चार बोटं लांब, मधोमध एक छिद्र. छिद्र गोल नाही, लांबट आहे. कानशीने घासून लांबट केलेलं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. खरं कारण वेगळं आहे. ते मी घरातही कधी नीटसं सांगितलेलं नव्हतं.

परवा मुलगी लॅपटॉप घेऊन खोलीत आली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथन शिकते. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं एक पुस्तक तिच्या हातात होतं. म्हणाली, "अब्बा, यात लिहिलंय की सात भागिले दोन केलं की उत्तर तीन येतं. माझ्या मशीनवर तर साडेतीन येतं. पुस्तक चुकीचं आहे का?"

"पुस्तक चुकीचं नाही," मी म्हटलं, "ते जुन्या पायथनचं आहे. २००८च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती आली, तेव्हा त्यांनी तो नियम बदलला."

"पण त्याआधी तीन येत होतं, ते कुणाला खटकलं नाही?"

माझी नजर त्या तुकड्याकडे गेली. इतरांचं मला माहीत नाही. पण माझ्यासमोर एका माणसाला ते खटकलं होतं. १९९४ साली. त्यांनी तोंडी हिशेब करून मला विचारलंही होतं. मी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी मी मुलीला सगळं सांगितलं. इथेही तेच लिहितो आहे.

मी मुळात ड्राफ्ट्समन. आयटीआय झालो आणि पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लागलो. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, बोटांना शाई. संध्याकाळी एका क्लासला जाऊन थोडं फोर्ट्रान शिकलो होतो, पण त्याचा उपयोग कधी झाला नाही. मग कारखान्यात कंप्युटर आला. त्यात ऑटोकॅड होतं. वयाने मी सगळ्यांत लहान, म्हणून साहेबांनी मला त्याच्यासमोर बसवलं. जुने ड्राफ्ट्समन लांबूनच बघायचे.

ऑटोकॅडच्या पोटात एक छोटी भाषा असते, ऑटोलिस्प. १९८६पासून ती त्यात आहे. रोज तेच तेच काढायचं असेल, म्हणजे पट्टी, तिच्यातली छिद्रं, मापं, तर या भाषेत चार ओळी लिहून ठेवायच्या. मग आकडे सांगितले की ड्रॉइंग आपोआप उमटतं. मॅन्युअल उघडलं तर कंसच कंस. कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस. एक कंस बंद करायचा राहिला की मशीन गप्प बसायचं. पण दोन आठवड्यांत मला त्या भाषेची गोडी लागली. त्याचं कारण मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. आज सांगता येतं: ही भाषा आधी काही विचारत नव्हती.

फोर्ट्रानची गोष्ट वेगळी होती. आयबीएमने १९५७ साली बाहेर आणलेली ती भाषा. तिच्यात प्रत्येक नाव म्हणजे एक डबा, आणि डब्यात काय राहणार ते आधीच ठरलेलं. नावाचं पहिलं अक्षर आय, जे, के, एल, एम, एन यांपैकी असेल तर आत पूर्णांक. दुसरं कुठलंही असेल तर दशांश अपूर्णांक. सगळा कारभार पाटी बघून.

ऑटोलिस्पमध्ये पाटी नव्हती. नावात आज आकडा ठेवा, उद्या अक्षरं ठेवा, परवा अख्खी यादी ठेवा, नाव तक्रार करत नाही. आमच्या अम्मीच्या स्वयंपाकघरासारखं. बिस्किटांच्या डब्यात सुई-दोरा, चहाच्या डब्यात धणे. अम्मी कधी डब्यावरचं लिहिलेलं वाचायची नाही. झाकण उघडायची आणि आत जे असेल ते बघून ओळखायची.

जाणकार याला डायनॅमिक टायपिंग म्हणतात. वस्तूचा प्रकार नावाला चिकटलेला नसतो, वस्तूलाच चिकटलेला असतो. आणि तो तपासला जातो ती वस्तू वापरण्याच्या क्षणी, आधी नाही. ही कल्पना ज्या भाषेतून रूढ झाली ती म्हणजे लिस्प. माझी ऑटोलिस्प त्याच घराण्यातली. डेव्हिड बेट्झ यांनी एक्सलिस्प नावाची एक लहान लिस्प तयार केली होती, त्यावरून ती घडवलेली. पण मूळ पुरुष जॉन मॅकार्थी. त्यांच्याबद्दल मी पुढे अनेक वर्षं, मिळेल तिथून, वाचत राहिलो. का वाचत राहिलो, तेही पुढे येईलच.

मॅकार्थी १९२७ साली बोस्टनमध्ये जन्मले. शिक्षणाने गणिती. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा आज मुलांच्याही तोंडी असलेला शब्दप्रयोग त्यांनी १९५५च्या एका प्रस्तावात वापरला, आणि १९५६च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात त्या नावाची पहिली मोठी बैठक भरली. तिथे न्यूएल, शॉ आणि सायमन यांच्या कामातून त्यांना याद्यांची कल्पना मिळाली. आकड्यांऐवजी वस्तूंच्या साखळ्या ठेवायच्या आणि मशीनला त्यांच्यावर काम करू द्यायचं. कल्पना त्यांना आवडली, पण त्या मंडळींची भाषा नाही आवडली.

१९५८चा उन्हाळा त्यांनी आयबीएममध्ये घालवला. नमुन्यासाठी त्यांनी एक प्रश्न घेतला: मशीनला बीजगणितातल्या राशीचं डेरिव्हेटिव्ह काढायला शिकवायचं. कॉलेजात गणित घेतलेल्यांना हे आठवत असेल. प्रश्न साधा वाटतो, पण सगळी गोम त्यातच आहे. पाचाचं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणजे आकडा. एक्सचं एक, तोही आकडा. पण एक्सच्या वर्गाचं? दोन गुणिले एक्स. हा आकडा नाही, ही राशी आहे. तीन गोष्टींची यादी. आणि राशीच्या पोटात राशी असेल तर उत्तर केवढं लांब होईल ते आधी कुणीच सांगू शकत नाही. एकच प्रश्न, एकच पद्धत. उत्तर कधी आकडा, कधी चिन्ह, कधी यादी. मग उत्तराच्या डब्यावर पाटी कुठली लावायची?

मॅकार्थींनी पाटी लावलीच नाही. त्यांच्या पद्धतीत प्रोग्राम प्रत्येक वळणावर थांबून हातातल्या वस्तूला विचारतो: तू एकटी आहेस, की तुझ्या पोटात आणखी काही आहे? एकटी असेल तिला त्यांनी 'अ‍ॅटम' म्हटलं, अणू. नसेल तर ती यादी. यादी असेल तर तिचं पहिलं उचल, त्याला हाच प्रश्न विचार, उरलेल्यालाही हाच. स्वतःलाच पुन्हा हाक मारणारी ही रीत त्या काळच्या फोर्ट्रानमध्ये बसत नव्हती. म्हणून १९५८च्या शरद ऋतूत एमआयटीमध्ये मार्विन मिन्स्की यांच्यासोबत नवा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा दोन प्रोग्रामर आणि सहा विद्यार्थी हाताशी घेऊन मॅकार्थींनी नवी भाषाच करायला घेतली.

मशीन होतं आयबीएम ७०४. व्हॅक्यूम ट्यूबचं, खोली भरून टाकणारं. त्याच्या स्मरणातला एकेक कप्पा ३६ बिटांचा. त्या कप्प्यात पंधरा-पंधरा बिटांचे दोन भाग असत, एकाचं नाव अ‍ॅड्रेस, दुसऱ्याचं डिक्रिमेंट. मॅकार्थी आणि मंडळींनी एका भागात वस्तूचा पत्ता ठेवला आणि दुसऱ्यात पुढच्या कप्प्याचा. झाली साखळी. पहिली वस्तू काढायच्या क्रियेला नाव पडलं 'कार', उरलेली साखळी काढायच्या क्रियेला 'कुडर'. दोन्ही नावं ७०४च्या त्या दोन भागांवरून आलेली. आणि वस्तू अणू असेल तर तिच्या पहिल्या कप्प्यात एक खास खूण; ती खूण बघितली की मशीनला कळे, इथे यादी संपली, हा अणू आहे. वस्तूने आपली ओळख अशी स्वतःजवळच बाळगायची.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. कारण ऑटोकॅडमध्ये बिंदू म्हणजे दोन-तीन आकड्यांची यादी, आणि त्यातला एक्स काढायचा तर 'कार'च लिहावं लागतं. ७०४ कधीच मोडीत निघालं. त्याच्या एका कप्प्याचं नाव मात्र मी एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून, काही ठाऊक नसताना, दिवसातून शंभर वेळा लिहीत होतो.

लिस्पच्या जन्मात योगायोगही पुष्कळ. मॅकार्थींना कंसांची ही भाषा माणसांसाठी नकोच होती. माणसांनी गणितासारख्या दिसणाऱ्या लिपीत लिहावं आणि मशीनच्या आत ते कंसांत उतरावं, असा बेत होता. पण आपली भाषा किती समर्थ आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी 'इव्हॅल' नावाची एक व्याख्या लिहिली. लिस्पचा कुठलाही प्रोग्राम घ्यायचा आणि त्याचा अर्थ लावायचा, असं काम करणारी व्याख्या, तीही लिस्पमध्येच. ती फक्त कागदावर वाचण्यासाठी होती. त्यांच्या गटातला स्टीव्ह रसेल म्हणाला, मी ही मशीनच्या भाषेत उतरवतो, मग ती चालेल. मॅकार्थींनी त्याला समजावलं की तू सिद्धांत आणि प्रत्यक्ष यांत गल्लत करतो आहेस. रसेलने ऐकलं नाही. त्याने ती उतरवली आणि ती चालली. १९६०च्या एप्रिलमध्ये मॅकार्थींचा निबंध छापून आला तोवर भाषा मशीनवर नांदायला लागली होती, आणि कंस कायमचे राहून गेले.

आणखी एक गंमत. इतका मोकळेपणा दिला तर साखळ्या होत राहतात, तुटत राहतात. कुणाच्याच हाती नसलेले कप्पे स्मरणात साचत जातात. ते परत करायचं काम लिहिणाऱ्याच्या माथी मारणं मॅकार्थींना पटेना. त्यांनी ठरवलं, जागा संपेपर्यंत चालू द्या; संपली की मशीनच थांबेल, वापरातले कप्पे खुणेने राखेल आणि बाकीचे झाडून गोळा करेल. याला ते आपसांत 'गार्बेज कलेक्शन' म्हणत, केरकचरा गोळा करणं. तेच नाव पुढे जगभर चाललं. एकदा उद्योगधंद्यातल्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक चालू होतं आणि नेमकी जागा संपली. टाइपरायटर सेकंदाला दहा अक्षरांच्या गतीने आपणहून छापायला लागला: कचरा गोळा करणाऱ्याला बोलावलं आहे, त्याची माहिती पुढीलप्रमाणे... पाहुण्यांना या प्रकाराबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. मजकूर थांबेना, वेळ संपत आली आणि सगळी सभा हसून बेजार झाली. मॅकार्थींनी स्वतः ही फजिती पुढे लिहून ठेवली आहे.

मला यात भाषेचा सगळा स्वभाव दिसतो. आधी अडवायचं नाही. काम चालू द्यायचं. हिशेब नंतर होईल. पण हिशेब होतोच. फक्त कधी आणि कुणासमोर, ते आपल्या हाती राहत नाही.

माझा हिशेब तीन दिवसांत झाला.

काम साधं होतं. लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीत तेरा छिद्रं, पहिल्यापासून शेवटच्या छिद्रापर्यंत १२५० मिलिमीटर, मध्ये बारा सारखे भाग. अशा छत्तीस पट्ट्या, समोरच्या भागावर बोल्टने बसवायच्या. समोरचा भाग दुसरीकडे हातच्या ड्रॉइंगवरून झालेला होता. मी नुकताच छिद्रांचा प्रोग्राम लिहिला होता. आधी १२००वर चालवून बघितला होता: बारा भाग, शंभर-शंभरचे. चोख. मग १२५० घातले. पडद्यावर आलं, १०४ चे बारा भाग. छापलं आणि शॉपमध्ये पाठवलं.

मार्किंग आणि ड्रिलिंग चाचांकडे होतं. कारखान्यात सगळे त्यांना चाचाच म्हणत. पन्नाशी उलटलेली, शाळा चौथीपर्यंत. दुपारी ते ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "बेटा, एकशे चारचे बारा म्हणजे बाराशे अठ्ठेचाळीस होतात. वर तू साडेबाराशे लिहिलंस. मग दोन गेले कुठे?"

मी खुर्चीतून उठलोही नाही. म्हटलं, "चाचा, कंप्युटरचं ड्रॉइंग आहे. ते चुकत नाही. १०४ धरा आणि पाडा."

ते क्षणभर कागदाकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणून गेले.

पट्ट्या बसवायला घेतल्या तेव्हा पहिले सहा बोल्ट हाताने गेले. सातवा हातोडीने. आठवा जाईना. तिथून पुढे एकही जाईना. तेराव्या छिद्राशी फरक दोन मिलिमीटरचा. छत्तीसही पट्ट्यांची तीच तऱ्हा.

सुपरवायझरने ड्रॉइंग बघितलं. वर १२५० स्पष्ट लिहिलेलं. म्हणाला, १०४च्या पुढचे दशांश छापायचे राहिले असतील, पण एकूण माप तर समोर होतं. चाचांनी एकामागून एक १०४ मोजत नेले, म्हणून चूक साचत गेली. शॉपमध्ये ही चूक नेहमीची, त्यामुळे सगळ्यांना पटली. ठरलं असं की चाचांनी प्रत्येक पट्टीतली शेवटची सहा छिद्रं घासून लांबट करायची. छत्तीस गुणिले सहा, दोनशे सोळा छिद्रं. जादा वेळ थांबून करायचं, आणि त्या वेळेचे पैसे मिळणार नाहीत.

चाचा काही बोलले नाहीत. मीही नाही.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी मशीनसमोर बसलो आणि पडद्यावर फक्त एवढंच लिहिलं: (/ १२५० १२). उत्तर आलं १०४. मग १२च्या जागी १२.० लिहिलं. उत्तर आलं १०४.१६६७. हातपाय गार पडले. दोन्ही आकडे पूर्णांक असले तर ऑटोलिस्प भागाकारही पूर्णांकच देते, उरलेलं सोडून देते. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं होतं. मी लांबी 'गेटइन्ट'ने घेतली होती, म्हणजे पूर्णांक म्हणून. 'गेटरिअल'ने घेतली असती तर तोच १२५० दशांश म्हणून आला असता आणि काही बिघडलं नसतं. १२०० घालून तपासलं तेव्हा भाग निःशेष गेला, म्हणून चूक झाकली गेली.

हातात आलेल्या वस्तूला 'तू कोण' असं विचारायची सोयही त्या भाषेत होती. 'टाइप' नावाची क्रियाच आहे. ती सांगते: हा पूर्णांक, हा दशांश, ही यादी. मी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते चाचांनी.

आता वाटेल की दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन कबूल केलं असेल. नाही केलं. नवी नोकरी, नवं मशीन, साहेबांचा विश्वास. घरी अब्बा आजारी, पगाराकडे सगळ्यांचे डोळे. मी मनात भाषेवर खापर फोडत बसलो. पाट्या असत्या तर हे झालं नसतं, फोर्ट्रान असतं तर झालं नसतं. दोन दिवस, संध्याकाळी सहानंतर, शॉपमधून कानशीचा आवाज येत होता, आणि मी वर खिडकीत बसून तो ऐकत होतो.

ती समजूतही खोटी होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. लांबीला मी एल नाव दिलं होतं, भागांच्या संख्येला एन. दोन्ही अक्षरं फोर्ट्रानच्या त्या आय ते एनच्या गटातली. तोच प्रोग्राम तीच नावं ठेवून फोर्ट्रानमध्ये लिहिला असता तरी उत्तर १०४च आलं असतं. उलट लिस्पच्याच घराण्यातली मोठी भावंडं इथे जास्त शहाणी निघाली. कॉमन लिस्पमध्ये १२५० भागिले १२ केलं की उत्तर येतं ६२५/६. पूर्ण अपूर्णांक, एक कणही न सांडता. तेव्हा दोष मोकळेपणाचा नव्हता आणि पाट्यांनी मी वाचलोही नसतो. फरक इतकाच की फोर्ट्रानमध्ये नावाकडे बघून मला कळण्याची शक्यता होती. लिस्पमध्ये आत काय आलंय ते विचारल्याशिवाय कळायला मार्ग नाही. ज्या भाषेने आधी विचारायचं सोडलं, तिने विचारण्याची जबाबदारी नाहीशी केली नाही. ती वापरणाऱ्याच्या हातात दिली. आणि वापरणाऱ्याने टाळली तर ती घरंगळत खाली जाते. मार्किंगवाल्याच्या, ड्रिलवाल्याच्या, शेवटी बोल्ट घालणाऱ्याच्या हातापर्यंत.

मॅकार्थींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ज्या समितीने अल्गोल ६० ही भाषा ठरवली, तिचेही ते सदस्य होते. आणि अल्गोलमध्ये तर प्रत्येक नावाचा प्रकार आधी जाहीर करणं सक्तीचं. म्हणजे दोन्ही वाटा त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. एकेका कामाला एकेक वाट लागते, एवढंच.

त्यांच्याबद्दल वाचत राहण्याचं कारण मात्र याहून वेगळं. १९७८ साली प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासावर अमेरिकेत एक परिषद झाली. तिथे मॅकार्थींनी लिस्पची जन्मकथा सांगितली. तोवर त्यांना १९७१चं ट्युरिंग पारितोषिक मिळालेलं होतं, स्टॅनफर्डमध्ये नाव होतं. अशा माणसाने आपली भाषा किती दूरदृष्टीने आखली होती, असं लिहिलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. त्यांनी उलट केलं. फंक्शन लिहिण्याची लॅम्डाची खूण आपण अलोन्झो चर्च यांच्याकडून घेतली, पण त्यांच्या पुस्तकातलं बाकीचं आपल्याला समजलं नव्हतं, हे त्यांनी सांगून टाकलं. जेम्स स्लॅगल यांचा एक प्रोग्राम चुकीची उत्तरं देत होता. एक फंक्शन दुसऱ्याच्या हाती सोपवलं की त्यातल्या नावांचा अर्थ बदलायचा. लिहिलं तिथला अर्थ न धरता, चाललं तिथला धरला जायचा. मॅकार्थींनी तेव्हा ती किरकोळ चूक मानली, रसेल दुरुस्त करेल म्हणून सोडून दिली. प्रत्यक्षात दुखणं खोल होतं. रसेलने तात्पुरता इलाज केला. १९७५ साली ससमन आणि स्टील यांनी स्कीम नावाची लिस्प केली, तेव्हा कुठे ते मुळातून नीट झालं. मला ते कळलं नव्हतं, हे मॅकार्थींनी स्वतःच्या हाताने लिहिलं.

ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. कारण चूक कळल्यावर दोन दिवस काय करावं, हे मला माहीत होतं आणि मी ते केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. भाषा, मॅन्युअल काही मध्ये आणलं नाही. एवढंच म्हटलं की ड्रॉइंग माझं चुकलं होतं, आणि चाचांनी मला आधीच विचारलं होतं. साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग सुपरवायझरला बोलावून चाचांच्या जादा वेळेचे पैसे लावायला सांगितले. मला म्हणाले, "यापुढे तुझं पहिलं ड्रॉइंग चाचा तपासतील, मग छापायचं." ही शिक्षा होती की शहाणपण, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी खाली शॉपमध्ये गेलो. चाचा शेवटच्या पट्ट्या घासत होते. बोटांना फडकं बांधलेलं. मी म्हटलं, "चाचा, चूक माझी होती."

त्यांनी कानस थांबवली नाही. म्हणाले, "ठाऊक आहे. बाराचा पाढा येतो मला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?"

"तुला सांगितलं होतं ना, बेटा."

पुढे तीन वर्षं माझं प्रत्येक पहिलं ड्रॉइंग चाचांच्या हातून गेलं. ते आकडे बोटावर मोजत, ओठ हलवत, आणि शेवटी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढत. घासताना वाया गेलेल्या एका पट्टीचा तुकडा मी त्यांच्याकडून मागून घेतला. तोच हा.

२०११च्या ऑक्टोबरात एकाच महिन्यात कंप्युटरच्या जगातली तीन मोठी माणसं गेली. स्टीव्ह जॉब्स, डेनिस रिची आणि २४ तारखेला मॅकार्थी. जॉब्स यांच्या बातमीने जगभरची पहिली पानं भरली. मॅकार्थींचं मला आठवड्याने कळलं. चाचा त्याच्या कितीतरी आधी गेले होते. मला त्या दिवशी दोघांचीही आठवण झाली.

मुलगी सगळं ऐकत होती. मग तिने लॅपटॉप जवळ ओढला. "म्हणजे आता पायथन साडेतीन देतं, तेव्हा काळजी नाही," ती म्हणाली.

"साडेतीन देतं, ते ठीक," मी म्हटलं. "पण परवा तू फाइलमधून वाचलेला आकडा, तो आकडा आहे की आकड्यासारखी दिसणारी अक्षरं, हे बघितलंस का?"

ती काही बोलली नाही. जुनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि आपला प्रोग्राम पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते.

मी तो तुकडा उचलला आणि तिच्या कागदांवर ठेवला.